पूजेला मांडलेले बूट

त्या वयात मला स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक होतं. डिप्लोमा हातात पडून वर्षही झालं नव्हतं आणि मी खांदेश्वरला रस्त्यांचं डांबरीकरण करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे लागलो होतो. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. साइटवर सेफ्टीचं काम कुणालाच नको होतं, म्हणून ते सगळ्यात धाकट्याच्या, म्हणजे माझ्या गळ्यात पडलं. वाशीला अर्धा दिवस ट्रेनिंग झालं, एक जाडजूड रजिस्टर मिळालं, आणि मी सेफ्टी सुपरवायझर झालो. घरी आईनं शेजारपाजारी पेढेसुद्धा वाटले.

पावसाळा संपून काम सुरू झालं तेव्हा गमबूट आले. काळे, जाड, सगळे पुरुषी मापाचे. आमच्या टोळीतली माणसं साताऱ्याकडची, माण भागातली. प्लँटवरून डंपर गरम डांबरी खडी घेऊन यायचा, तिला सगळे 'माल' म्हणत. बाया तो माल घमेल्यात भरून डोक्यावरून वाहायच्या आणि पुरुष दाताळ्यानं पसरायचे. खालचा माल चटके द्यायचा, म्हणून बाया पायांना गोणपाट गुंडाळून वर सुतळी करकचून बांधायच्या. वर्षानुवर्षं चाललेली ही पद्धत बंद करायचा विडा मी उचलला होता.

बायांमध्ये एक चाळिशीची बाई होती. मी तिला मावशी म्हणायचो. पहिलं घमेलं तीच उचलायची आणि ती जे करील तेच बाकीच्या करायच्या. मी बूट पुढे केले तेव्हा तिनं आत हात घालून बघितला आणि म्हणाली, "सायेब, ह्यात माज्या दोनी पोरी मावतील की." सगळ्या खो खो हसल्या. मला राग आला, पण मी चिकाटी सोडली नाही. रोज सकाळी तिच्या मागे लागायचो. शेवटी एक दिवस तिनं त्यातला जरा लहान जोड निवडला, पुढे चिंध्या कोंबल्या आणि घातला. दुपारी म्हणाली, "पाय उबल्यात, पर चटका न्हाई बसला." दोन दिवसांनी आणखी तिघींनी घातले. मी जिंकत आलो होतो. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण मला सगळ्यांच्याच पायांत बूट हवे होते, आणि तेही ताबडतोब. खंडेनवमी आली. साइटवर त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. रोलर धुऊन त्याला झेंडूची माळ घालायची, फावडी, घमेली, दाताळी ओळीनं मांडून हळदकुंकू वाहायचं, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. माझ्या डोक्यात आलं, की बूटही पूजेला मांडले तर ही माणसं त्यांची किंमत करतील. मुकादम जरा घुटमळला. "सायेब, पायातलं पूजेला?" मी त्याला लंबंचवडं भाषण दिलं. फावड्यानं काम होतं, पण पाय राखतं कोण? मग हत्यार कुठलं मोठं? त्याला ते पटलं. मावशीनं तर स्वतःचा जोड नळावर धुतला, पदरानं कोरडा केला आणि पहिल्या ओळीत मांडला. प्रत्येक बुटावर कुंकवाचं बोट मी स्वतः लावलं. मला वाटलं, झालं, आता बूट यांचेच झाले.

दुपारी बाराच्या सुमाराला डंपर येऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी कुणी मोठे अधिकारी स्टेशनचं काम बघायला येणार होते, म्हणून स्टेशनसमोरच्या रस्त्याचा उखडलेला तुकडा आजच भरा, असा ऑफिसचा निरोप होता. माल परत पाठवायची सोय नव्हती. तासा-दोन तासांत तो डंपरमध्येच आळून बसला असता. रोलरचा ड्रायव्हर तळवलीचा होता. तो हाताची घडी घालून म्हणाला, "आज रोलर हालवाचा नाय. पूजा केल्यावर कोन हालवतं? तुमीच सांगा." मी त्याच्या हातापाया पडायचा तेवढा बाकी राहिलो. शेवटी मुकादमानं तोड काढली. आणखी एक नारळ फोडला, सगळ्यांनी हात जोडून देवाची क्षमा मागितली आणि हत्यारं उचलायचं ठरलं. तरी पहिला हात कुणी लावेना. मग मावशीच पुढे झाली आणि तिनं घमेलं उचललं.

मी म्हणालो, "मावशी, बूट."

ती बुटांकडे बघत राहिली. "फावडं, घमेलं हातात घ्यायचं हाय सायेब. ह्ये पायात कसं घालू? कुकू लावलंय तुमी."

बाकीच्या तिघीही मागे सरकल्या. मला तेव्हा सांगता आलं असतं, की मी लावलेलं कुंकू मीच पुसतो. फडका तिथेच पडला होता. नाहीतर डंपर तसाच उभा ठेवून, माल वाया गेला तर जाऊ दे, असं म्हणता आलं असतं. तेवढ्यासाठीच तर मला नेमलं होतं. पण मालातून वाफा निघत होत्या, ऑफिसमधून दुसऱ्यांदा माणूस आला होता, आणि मी म्हणालो, "बरं, आजचा दिवस राहू द्या."

तिनं गोणपाट गुंडाळलं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला डंपरचा हौदा आणखी वर उचलला गेला, आत चिकटून राहिलेला माल एकदम सुटून खाली आला आणि ढिगाजवळ वाकलेल्या मावशीच्या उजव्या पायावर घोट्याच्या वरपर्यंत बसला. गोणपाटानं तो धरून ठेवला. ती ओरडली नाही, खाली बसली आणि सुतळीची गाठ सोडायला लागली. गाठ करकचून बांधलेली होती. पिण्याच्या पाण्याचा पिंप मीच ओतला, पण तोवर मुकादमानं घाईनं गोणपाट ओढून काढलं होतं आणि त्याबरोबर कातडीही आली होती. ओढू नका, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. ते सांगायचं सोडून मी पिंपाकडे धावलो होतो. पहिल्या ओळीतले तिचे बूट तिथून दहा पावलांवर होते.

संध्याकाळी ऑफिसात रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं गेलं. 'कामगारास गमबूट पुरवले होते. कामगाराने ते वापरले नाहीत.' साहेबांनी सांगितलं तसं मी लिहिलं आणि सही केली. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. आज इतक्या वर्षांनीही ते पान आठवलं की मला माझी शरम वाटते.

महिन्याभरानं मी तिला भेटायला गेलो. करंजाड्याच्या बाजूला टोळीच्या झोपड्या होत्या. पायाची बोटं आत वळली होती, कामावर पुन्हा उभं राहता येणार नाही, हे बघताक्षणी कळत होतं. तिनं मुलीला चहा टाकायला सांगितलं. तिचे बूट कुणीतरी साइटवरून आणून दिले होते. ते तिनं मला परत दिले. "न्या सायेब, कुनाच्या तरी पायाला व्हतील." कुंकू अजून तसंच होतं.

चहा पिताना ती हळूच म्हणाली, "चूक माजीच हाय. पूजेतलं घमेलं पयलं म्या उचललं. देवाला खपलं न्हाई. तुमचं काम बी अडलं माज्यापायी."

मी तिला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की देवाचा यात काही संबंध नाही, बूट पूजेला मी मांडले, कुंकू मी लावलं, आणि राहू द्या असंही मीच म्हणालो. शब्द अगदी ओठांवर होते. पण तिनं सगळं स्वतःकडे घेतल्यामुळे मला आतून सुटल्यासारखं वाटत होतं, आणि ते मला सोडवेना.

"होतं असं कधीकधी," मी म्हणालो.

तिनं डोळे पुसले आणि हात जोडले. मी तिला माफ केलं, असं वाटलं तिला.