घरच्या टेबलावरची फाइल

सखामामांनी आयुष्यभर खाडीत होडी चालवली. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात जाळं. गेल्या वर्षी त्यांचा खांदा आखडला, तेव्हा सुकाणू धरणारं यंत्र मी घरी बनवून देतो, असं मी मोठ्या रुबाबात सांगितलं. मी रोह्याला एका कंपनीत मीटर दुरुस्त करतो, राहतो तिथेच जवळ, वरश्याला. पेणला मामांकडे गेलो की माझा रुबाब जरा जास्तच असतो.

यंत्राला दिशा कळायला भरतीच्या पाण्यात होडी हळूहळू गोल फिरवावी लागते. इंजिनाच्या लोखंडामुळे होकायंत्र किती बहकतं, ते त्यातून यंत्राला समजतं. मामांनी न कंटाळता तासभर होडी फिरवली. त्या सेटिंगचा फोनमध्ये बॅकअप घेणं दोन मिनिटांचं काम होतं. मी आळस केला.

पुढे एका रविवारी यंत्रात नवं सॉफ्टवेअर टाकलं आणि सगळी सेटिंग पुसली गेली. फोनमध्ये एकच फाइल होती, वरश्याला घरच्या टेबलावर यंत्र तपासताना घेतलेली. तिच्यात इंजिनाच्या लोखंडाचा हिशेबच नव्हता. होडी पुन्हा फिरवायची तर ओहोटी लागली होती, आणि मला रोह्याची गाडी गाठायची होती. तीच फाइल रिस्टोअर केली. हिरवा दिवा लागला. मामांना म्हणालो, झालं काम.

दुसऱ्या दिवशी मामा पाठमोरे जाळं ओढत असताना होडी वाकडी जाऊन शेजारच्या रघूने खाडीत लावलेल्या जाळ्यात घुसली. फोन आला म्हणून मी संध्याकाळी पोचलो, तर रघू दारात तणतणत होता. मामा त्याला म्हणाले, "यंत्र बरोबर हाय. त्यावरचा दिशेचा आकडा मीच चुकीचा वाचला." भाच्याची चूक असेल हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. आणि मी निर्लज्ज, सगळ्यांदेखत म्हणालो, "मामा, आता वय झालं तुमचं."

त्यानंतर तीन आठवडे मामा खाडीवर गेले नाहीत. आता नीट दिसत नाही म्हणून त्यांनी होडी विकायला काढलीय, असं इंदुमामीने फोनवर सांगितलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. स्वतःचीच किळस आली.

रविवारी गेलो. मामा ओटीवर रघूचं जाळं शिवत होते. खाली मान घालून सगळं सांगितलं, टेबलावरच्या फाइलसकट. आता शिव्या बसणार म्हणून वाट बघत राहिलो.

मामांनी सुई खाली ठेवली. "म्हंजे माजं डोलं बरं हायत?"

मी मान हलवली. ते घाईघाईने उठले आणि आत मामीला सांगायला गेले. मला शिव्या द्यायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.