होडीच्या ट्रॉलीची चाकं

पुराने आमच्या भागाची दैना केली, त्याच्या पुढच्या वर्षी गावच्या मुंबईकर मंडळींनी एक फायबरची होडी आणून दिली. होडीबरोबर ती ओढून न्यायला दोन चाकांची ट्रॉलीही आली. आमचं गाव महाड आणि पोलादपूरच्या मध्ये. पाणी कुठेही चढलं तरी जीपला ट्रॉली जोडून निघता येतं. पण ती ठेवायची कुठे, यावर बैठकीत बराच खल झाला. माझा नवरा तेव्हा बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात फिटर होता. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि होडी आमच्या दारापुढच्या खळ्यात येऊन बसली.

मला ती अजिबात आवडली नव्हती. मी घरी शिवणकाम करते. माझं मशीन दारापाशी असतं, आणि होडीने दारातला सगळा उजेड अडवला. भर दुपारी दिवा लावून ब्लाउजांना काजं करायची म्हणजे चीड यायची.

मग एका पावसाळ्यात महाडात पुन्हा पाणी शिरलं. हे आणि माझे धाकटे दीर होडी घेऊन गेले, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. मधल्या वेळात दोघांचेही फोन बंद. मी आणि सासूबाई एकमेकींशी बोलत नव्हतो, कारण बोललो असतो तर रडलो असतो. हे आले, जेवले आणि बसल्या जागी झोपले. सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले, तर ह्यांनी ट्रॉली जॅकवर चढवून चाक काढलेलं.

"आज तरी स्वस्थ बसा की," मी म्हटलं.

"बसून चालायचं नाय गो. चाकं तापलेली होती, तशीच पाण्यात घातली. गरम चाक पाण्यात गेलं की आत पाणी खेचतं. आता उघडलं नाय तर बेरिंगं गंजतील, नि पुढच्या खेपेला वाटेतच चाक जाम होईल."

"मग निवेपर्यंत थांबायचं होतं थोडं."

"माणसं गच्चीवरून हाका मारीत होती गो."

मी तिथेच बसले. ह्यांनी चाकाच्या मधली टोपी ठोकून काढली. आतलं ग्रीस ताकात कालवल्यासारखं पांढुरकं झालं होतं. बेरिंग डिझेलमध्ये धुतलं, फडक्याने पुसून वाऱ्यावर ठेवलं. मग तळहातावर नव्या ग्रीसचा गोळा घेतला आणि बेरिंगची कड त्यात दाबत राहिले. दाबता दाबता ग्रीस रोलरांच्या फटींतून वर आलं. दुसरं बेरिंग ह्यांनी माझ्या हातात दिलं. हात दोघांचेही कोपरापर्यंत माखले, आणि तेव्हा हे बोलायला लागले. एरवी ह्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे महाकठीण.

एका माडीवर एक म्हातारं जोडपं अडकलं होतं. म्हातारी म्हणे आधी ह्यांना न्या, म्हातारा म्हणे आधी हिला. शेवटी दोघांनी एकमेकांचे हात धरले ते सोडीचनात. मग ह्यांनी त्या दोघांना एकदमच होडीत घेतलं आणि होडी कलंडता कलंडता वाचली. "मी वरडलो त्यांच्यावर," हे म्हणाले. "तरी हात सोडले नाय."

त्यानंतर दर वैशाखात आणि प्रत्येक खेपेनंतर आम्ही दोघं मिळून चाकं उघडायचो. घरात सासूबाई, दिरांची पोरं, गिऱ्हाइकं. आम्हाला दोघांना अशी निवांत जागा ट्रॉलीच्या आडोशालाच मिळायची.

पुढे कारखान्यातलं कंत्राट संपलं ते पुन्हा मिळालं नाही. ओळखीतून मस्कतला होड्या दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपात काम लागलं. शिमगा झाला आणि हे गेले. वैशाख आला तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, यंदा ट्रॉली महाडच्या गॅरेजात देऊ या."

"नको," मी म्हटलं. "मी करते."

दिरांनी जॅक लावला आणि ह्यांना व्हिडिओ कॉल केला. मी सकाळीच केस धुतले होते, चांगली साडी नेसले होते. सासूबाई म्हणाल्या, "ग्रीस करायला ही साडी?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण फोन लागल्या लागल्या पलीकडून आवाज आला, "फोन खाली धर रे, चाक दाखव." दिरांनी फोन चाकाकडे वळवला. ह्यांना चाक दिसत होतं आणि मला फोनची पाठ.

"नट आवळताना चाक फिरवत राहा," आवाज सांगत होता. "मग थोडा ढिला कर."

"थोडा म्हणजे किती?"

"तुझी अंगठी बोटात फिरते ना, पण निसटत नाय, तेवढा."

मी तसा ढिला केला आणि पिन घातली. चाक फिरवलं तर आवाज न करता फिरलं. "झ्याक," आवाज म्हणाला. मग मला राहवलं नाही. "आता मला बघू द्या," असं म्हणत तसल्याच हातांनी मी दिरांकडून फोन घेतला. हे काळवंडले होते, गालफडं आत गेली होती. मागे एकाशेजारी एक होड्या, सगळ्या ट्रॉल्यांवर. फोनच्या काचेवर माझ्या अंगठ्याचं ग्रीस लागलं आणि ह्यांचा चेहरा त्यात धुरकट झाला. पुसायला पदर घेतला तोवर तिकडून कोणीतरी हाक मारली.

त्या पावसाळ्यात कशेडी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत पाणी भरलं. होडी गेली आणि माणसं सुखरूप बाहेर निघाली. जीप खळ्यात आल्यावर मी आधी चाकांवर हात ठेवून पाहिला. कोमट होती, तापलेली नव्हती. रात्री ह्यांना सांगितलं तर नुसतं "बरं झालं" म्हणाले. गणपतीला रजा मिळाली नाही. आरतीच्या वेळी ह्यांच्या जागेवर दीर उभे राहिले.

हे आले ते पुढच्या शिमग्याला. घर पाहुण्यांनी भरलं. येणारे-जाणारे, पालखी, नवस, नातेवाइकांच्या घरची जेवणं. मी मनात रोज म्हणत होते, चाकं उघडायचीत, तेवढा वेळ तरी आपला. शेवटी एका सकाळी ह्यांनी जॅक काढला. मी हातातला ब्लाउज तसाच टाकून बाहेर गेले.

ह्यांनी टोपी काढली, बोटाने ग्रीस उकरून पाहिलं, चाक हलवून पाहिलं आणि टोपी परत ठोकून बसवली.

"काय झालं?"

"काय करायचं नाय. मस्त भरलंयस. माझ्यापेक्षा बरं."

माझं कौतुक होतं ते, पण थोडी चूक राहिली असती तर बरं, असं वाटलं मला त्या क्षणी. हे हात पुसायला लागले.

"दुसरं चाक बघा ना," मी म्हटलं. "ते मला नीट जमलं नव्हतं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट जमलं होतं, हे त्यांना कळलं असणार. ह्यांनी जॅक उचलला आणि दुसऱ्या बाजूला गेले. टोपी काढली, नट सोडवला, चांगलं स्वच्छ ग्रीस सगळं पुसून काढलं आणि बेरिंग डिझेलच्या डब्यात टाकलं.

"बस इथं," हे म्हणाले.

आम्ही सावकाश धुतलं. सावकाश पुसलं. मस्कतला रात्री खोलीत सगळे आपापल्या फोनात कसे गप्प पडलेले असतात, ते त्यांनी सांगितलं. मी त्यांना सांगितलं की रात्री कुत्रं भुंकलं तरी मी दारापर्यंत जाऊन येते. सासूबाईंनी जेवायला दोनदा हाक मारली. आम्ही दोघांनी एकदमच "आलो" म्हटलं, आणि कोणीच उठलं नाही.

ती रजा संपली आणि पोलादपूरच्या स्टँडवरून हे मुंबईच्या गाडीत बसले. खिडकीतून म्हणाले, "आता वर्षभर चाकं उघडू नको. गरज नाय." मी मान हलवली. गाडी सुटली.

मी वैशाखातच उघडली.