रामूअण्णांची म्हैस आणि माझा मोबाइल

आता माझ्या अकलेचे तारे ऐकाच! चहा निवायच्या आत सांगून टाकतो, नाहीतर आमची ही येऊन सांगेल, आणि ती जास्त रंगवते.

येलहंक्याच्या रामूअण्णांनी तरुणपणी एक विनोदी सिनेमा काढला. मराठीत, तोही बेंगळुरात! हिरोच्या मागे म्हैस लागते आणि शेवटपर्यंत सोडत नाही, एवढीच गोष्ट. थेटरात आपटला. पण आमच्या मंडळात दर गणपतीला त्याची कॅसेट लागायची. पडद्यावरच्यानं तोंड उघडायच्या आत अख्खा हॉल त्याचा संवाद ओरडायचा, हा आमचा रिवाज! अण्णा मात्र लाजून कधी आलेच नाहीत.

मूळ रिळं कुजली. उरली ही एकच कॅसेट, तीही बुरशी धरलेली. मी म्हटलं, "अण्णा, इंटरनेटवर फुकटची संग्रहालयं असतात. तिथं ठेवू, जगात कुणीही बघेल."

"माझ्या डोळ्यांदेखत होईल का रे?" अण्णा म्हणाले.

मंडळाचा सेक्रेटरी पुण्याहून आलेला, कॉम्प्युटरवाला. तो म्हणे, "काका, असलं क्रिंज कंटेंट कोण बघणार? क्लासिक असतं तर गोष्ट वेगळी."

"क्लासिकला सांभाळायला सरकार आहे. आमच्या म्हशीला कोण आहे रे?" मी म्हटलं.

"मग निदान दुकानातून नीट कन्व्हर्ट करून घ्या."

"जन्मभर पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथ चालवली मी! मला मशीन शिकवतोस?"

घरी व्हीसीआर जोडला, टीव्हीसमोर पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवला, बटण दाबलं. झालं! सिनेमा संपता संपता व्हीसीआरनं कॅसेट चावून चोथा केला. करू दे! मोबाइलमध्ये आला होता ना? लगेच चढवून टाकला. तपासायचं काय त्यात?

रविवारी अण्णांच्या घरी थाटात लावला. सेक्रेटरीलाही मुद्दाम बोलावलं, जिरवायला. म्हैस धावली, आणि हिरोच्या आधीच कुणीतरी भसाड्या आवाजात बोंबललं, "आता बघा, चिखलात पडतो!" मग खो खो खो!

आवाज कुणाचा? माझा!

पाठोपाठ कुकरची शिट्टी. मग आमची ही: "अहो, दात काय काढताय? पोळी जळली तिकडे!"

मला वाटलेलं, मोबाइल टीव्हीतलं तेवढंच घेईल. खोलीतला मी कशाला हवा त्याला?

सेक्रेटरी तापला. "काका, आधी ते काढा! खाली मंडळाचं नाव आहे!"

"नाही काढणार! दुसरी कॅसेट आण, मग बोल!" तोंड असं चालू, पण अण्णांकडे बघवेना. अण्णांचा जन्माचा सिनेमा, आणि त्यात मी!

अण्णांनी हात वर केला. "स्वल्प थांबा रे." डोळे पुसले. "थेटरात कुणी हसलं नव्हतं. माझ्या सिनेमात आज पहिल्यांदा हसू ऐकतोय. राहू दे."

सिनेमा अजून तिथंच आहे, जा, बघा फुकट!

परवा त्याच्याखाली पहिला शेरा आला: "सिनेमा झकास. काकूंचं बोलणं त्याहून झकास. पडद्यावरची म्हैस चालेल, पण खोलीत हसणारी आवरा."

कोण हा शहाणा, म्हणून नाव बघितलं. माझंच! आणि आमची ही माझा मोबाइल पदराला पुसत म्हणते, "मलाही बटण दाबता येतं हो!"