भरतखंडे या शब्दापाशी

रत्नागिरीत आमच्या आळीला एक भटजी होते. पूजेचा संकल्प ते भराभर म्हणत, पण ‘भरतखंडे’ आलं की थांबत आणि बोट जमिनीला टेकवत. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “कुठल्या भूमीवर बसलोय ते देवाला सांगायला नको?”

एका श्रावणात महारवाड्यातल्या म्हाताऱ्याने त्यांना सत्यनारायणाला बोलावलं. आळीने डोळे वटारले, तरी भटजी निघाले. कुतूहलाने मीही मागोमाग गेलो.

संकल्पाच्या वेळी त्यांनी म्हाताऱ्याचं गोत्र विचारलं.

“आमाला कसला आलाय गोत्र, भटजी?” तो ओशाळून म्हणाला.

“ठाऊक नसेल त्याचं काश्यप. शास्त्रच आहे तसं. आता बोट टेक. ही भूमी तुझीही आहे.”

सारवलेल्या जमिनीवर दोन बोटं शेजारी टेकली. भटजींनी तो शब्द इतका सावकाश उच्चारला की माझ्या अंगावर काटा आला.

मग त्यांनी त्या घरचा शिरा सर्वांआधी खाल्ला. द्रोण माझ्यापुढे आला. प्रसाद नाकारणाऱ्याची गत मी नुकतीच कथेत ऐकली होती, तरी म्हणालो, “मला आज उपास आहे.”

माझा द्रोणही भटजींनीच संपवला.

अजून माझ्या घरच्या पूजेत तो शब्द येतो, तेव्हा माझं बोट जमिनीपर्यंत पोचत नाही.