मालनच्या पाठीची माती

मालनने आयुष्यात कुणाचं ऐकलं असेल तर फक्त बापाचं, आणि तेही अर्धंच. महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया म्हणून तिने नोकरी केली, तर तिथल्या सिस्टरसुद्धा तिला वचकून असायच्या. निवृत्त झाल्यावर नाहूरच्या घरातली आतली खोली तिने शिकायला आलेल्या मुलींना भाड्याने द्यायला काढली. सुनेने नाक मुरडलं, "कोण कुठल्या मुली घरात आणता?" मालन म्हणाली, "खोली माझी आहे. तुझ्या डोक्यावर नाही ना बसवत?" विषय संपला.

यंदा आली ती ओयुन. थेट मंगोलियाची. विद्यापीठात बौद्ध तत्त्वज्ञान शिकायला आलेली, अंगाने दणकट, गालांनी लालबुंद. भिंतीवरचा बुद्धाचा फोटो बघितला आणि तिने दुसरी खोली बघायला जायचं रद्दच केलं.

पहिल्याच सकाळी चहा करताना तिचा पाय मालनच्या पायावर पडला. लगेच तिने मालनचा हात पकडला आणि असा काही हलवला की कपातला चहा कट्ट्यावर.

"अगं सोड! आधी पाय देतेस आणि वर हात पिरगाळतेस?"

ओयुनने मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. त्यांच्याकडे पायाला पाय लागला की लगेच हात मिळवायचा, नाहीतर मनात वैर राहतं म्हणतात. मालनने तिला आपली रीत दाखवली: वाकायचं, स्पर्श करायचा, हात छातीशी न्यायचा. स्वयंपाकघर एवढंसं. त्यामुळे दिवसभर एकीचं हात मिळवणं आणि दुसरीचं नमस्कार करणं चालूच. सून म्हणायची, तुम्ही दोघी स्वयंपाक करता की सर्कस?

ओयुन ज्युदो खेळायची, पण तिचा खरा जीव त्यांच्या जुन्या कुस्तीवर. त्या कुस्तीत मात्र बाई नाही. पैलवानाचं जाकीट छातीवर उघडं असतं. का? तर म्हणे फार पूर्वी एक बाई पुरुषाच्या वेषात उतरली आणि तिने भल्याभल्यांना आडवं केलं. तेव्हापासून छाती उघडी, म्हणजे पुन्हा कुणी बाई घुसायला नको. अशी गोष्ट सांगतात त्यांच्याकडे.

मालन हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिली. "बाईला पाडता येईना म्हणून जाकीटच उघडं ठेवलं? वा रे मर्द!"

मग ओयुनने सांगितलं की त्यांच्यात हरलेला जिंकलेल्याच्या हाताखालून जातो. तो मान देणं झालं. इथे मात्र मालनचं हसू थांबलं.

"मी नाही हं जाणार कुणाच्या हाताखालून. आमच्या सात पिढ्या वाकून झाल्यात."

आणि मग तिने बापाची गोष्ट सांगितली, जी सुनेलाही कधी सांगितली नव्हती. भाऊराव पैलवान. माणदेशातलं गाव, जत्रेतला फड. आपल्याकडे कुस्तीआधी दोन्ही पैलवान माती उचलतात, एकमेकांच्या हाताला लावतात, हात देतात. हातसलामी. ती झाल्याशिवाय कुस्ती लागत नाही. भाऊराव मूठभर माती घेऊन हात पुढे करून उभे राहिले, आणि समोरच्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. महाराच्या पोराला हात देणार नाही. पंच गप्प, लोक हसले. बाप तसाच उभा. शेवटी कुणीतरी ओरडलं, "ए, माती टाक आणि हो बाहेर." पुढे ते मुंबईला आले, चाळीमागे खड्डा खणला आणि पोरगा नव्हता म्हणून मालनलाच डाव शिकवले. ती वयात आली तशी आईने ते बंद पाडलं. बाप गेला. त्या हाताला कुणाचा हात लागला नाही तो नाहीच.

"एकदा," मालन म्हणाली, "एकदा मला तालमीतल्या खऱ्या मातीच्या हौदात सलामी पाहिजे. मरायच्या आधी. बस्स."

ओयुनने तिचा हात हातात घेतला. या वेळी पाय लागला नव्हता.

मुलुंडकडे जाताना एक जुनी तालीम आहे. वस्ताद गुणाजी, कोकणातले, एके काळी गिरणीत होते. माणूस वाईट नाही. दोघींना खुर्च्या दिल्या, चहा मागवला, ओयुनला लाल मातीचा हौद दाखवला: ताक, हळद, तेल घालून मळलेली लोण्यासारखी माती. "आणि आमचो दंडक ऐक हां," ते अभिमानाने म्हणाले. "हौदात पुढे आलेला हात परत पाठवायचा नाही. समोर कोणीही असो. ज्याने हात नाकारला त्याला या तालमीत पाऊल ठेवायला मिळत नाही."

मालनने पदर खोचला. मग म्हणाली, "मग मी उतरते."

"छे, छे! बाईमाणसाने हौदात उतरायचं नाही. मारुतीची माती आहे."

"आणि ही?"

गुणाजी जरा घुटमळले. तालमीच्या वार्षिक कुस्त्या जवळ आल्या होत्या, मंडळाला परदेशी पाहुणी हवी होती. "ही पाहुणी. हिला शाल, नारळ. एक पाच मिनिटं हौदात उभी राहील, फोटोपुरती. तेवढं चालतं."

"म्हणजे मंगोलियाची बाई मारुतीला चालते, नाहूरची चालत नाही? तुमचा मारुती पासपोर्ट बघतो का हो वस्ताद?"

गुणाजींनी नकारार्थी मान हलवली. चहा मात्र त्यांनी आग्रहाने पाजला.

घरी येताना मालन रागाने नुसती फणफणत होती. नाहूरच्या पुलावर थांबली आणि ओयुनला म्हणाली, "तू जायचंस. शाल घ्यायचीस. आणि मग कुस्ती, आपल्या दोघींची. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव, खरी पाड मला. बाळाला पाळण्यात ठेवल्यासारखं ठेवलंस तर जेवायला वाढणार नाही."

कुस्त्यांच्या दिवशी तालमीबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी कडाडत होती. ओयुनला शाल दिली, नारळ दिला. ती अनवाणी हौदात उतरली आणि दोन्ही हात पसरून, घारीसारखी डोलत, त्यांच्याकडचे पैलवान कुस्तीआधी नाचतात तो नाच नाचली. तिच्या देशात बाईला जो नाचायची सोय नाही, तो ती मुलुंडच्या मातीत नाचली. शिट्ट्यांनी पत्रे हलले. कॅमेरे पुढे सरसावले. निवेदक म्हणाला, "धन्यवाद मॅडम, या आता बाहेर."

ओयुनने माईक मागितला आणि रात्र रात्र पाठ केलेलं मराठी म्हटलं, "मला जोड पाहिजे."

कुस्ती खेळायला जोडीदार पाहिजे! लोकांना वाटलं गंमत आहे. तोवर मालनने चपला काढल्या होत्या. साडीचा काचा तिने घरूनच घातला होता.

"मालनबाई, उतरू नका!" गुणाजी धावले आणि तिच्या आडवे हौदात उभे राहिले. पण ती उतरली होती.

"उतरले. आता काय, माती धुऊन काढणार?"

आणि ती खाली वाकली. मूठभर माती उचलली. हात पुढे केला, गुणाजींच्या समोर.

हलगी थांबली. कोणीतरी ओरडलं, "ओ आजी, बाहेर या!" कोणीतरी हसलं. तेच हसणं, मालनने न बघितलेल्या जत्रेतलं. तिने हात खाली घेतला नाही. ती त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "भाऊराव पैलवानाची पोरगी आहे मी. त्यांचा हात परत पाठवला होता. दंडक तुमचा आहे वस्ताद, माझा नाही."

म्हाताऱ्याने मारुतीच्या तसबिरीकडे पाहिलं, मंडळाच्या लोकांकडे पाहिलं. त्यांच्यातला एकजण मानेने नको नको म्हणत होता. मग गुणाजी वाकले. माती उचलून त्यांनी मालनच्या दंडाला चोळली आणि तिचा हात घट्ट धरला.

"हयसर हात नाय परत जाणा," ते पुटपुटले. "लाव गो कुस्ती."

मालनने ढाक मारून पाहिली. बापाने शिकवलेला डाव, अंगाला अजून आठवत होता, गुडघ्याला मात्र नाही. ओयुन क्षणभर डळमळली आणि मग तिने मालनला उचलून धाडकन चीतपट केलं. तालीमभर 'अरेरे' झालं.

ओयुनने सवयीने उजवा हात उचलला. मालन खालूनच ओरडली, "ए, हात खाली! मी खालून जाणार नाही, ठरलंय आपलं!" ओयुनने जीभ चावली आणि त्याच हाताने तिला उठवलं. मालन हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. निवेदकाने समजूत घातली, "आजी, हार-जीत चालायचीच."

"वेडा आहेस का रे?" मालन म्हणाली. "हरायला तरी कुणीतरी हात द्यावा लागतो. माझ्या बापाला तेवढंही मिळालं नाही."

कुणी टॉवेल पुढे केला. कुणी पाठ झटकायला आलं. तिने सगळ्यांना दूर केलं. पाठभर लाल माती घेऊन ती ओयुनबरोबर नाहूरच्या बाजारातून चालत घरी गेली. भाजीवाली म्हणाली, "अगं मालन, पाठीला केवढी माती लागलीय, पुसून टाक."

"खबरदार हात लावशील तर," मालन म्हणाली आणि पदर बाजूला घेऊन पाठ आणखी उघडी करून पुढे चालू लागली.