तेल चोपडलेला चष्मा

अशी जवळ ये. आमच्या गावावरून जातं अन् घरी थांबत नाही, काहून वं पोरी?

ऐक. कम्प्युटरवर कापसाचा भाव पाहून बायाइले मीच सांगतो. नजर अधू झाली, तं ते कामच सुटत होतं. अकोल्याचा कम्प्युटरवाला येऊन अक्षरं मोठी करून दे, तरी मले सारं धुरकटच. मशीनले तो बैलासारखं चुचकारे, "चल बेटा, हल."

परवा त्यानं आपल्याच चष्म्याले खोबरेल चोपडलं अन् तो घालून बसला. "मावशी, आता समजलं. हा पांढरा उजेडच डोळ्यात घुसून राहिला."

पडदा काळा केला, अक्षरं पिवळी अन् जाड. मी घडाघडा वाचत सुटली. शेवटच्या ओळीपर्यंत त्यानं चष्मा पुसला नाही.

लवकर ये वं घरी. तुलेबी भाव वाचून दाखवतो.