शेळगावच्या डेअरीचं नाक

शेळगावच्या दूध डेअरीत फॅट सांगायला मशीन आलं, वजनाला काटा आला; पण दूध घ्यायचं की परत पाठवायचं, हे अठरा वर्षं लीलाबाईच ठरवायची. किटलीचं झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि सांगून टाकायचं, "ह्यात रातचं दूध हाय, घरी न्या." समोरचा कितीही मोठा बागायतदार असो, मुकाट्यानं किटली उचलायचा. सचिव मोहनराव थट्टेनं म्हणायचे, "लीलाबाईंना सर्दी झाली की डेअरी बंद ठिवावी लागंल." बाई वरवर रागवायची आणि आतून फुलायची.

डेअरी धुण्याचं कामही तिच्याचकडे. दुधाचा चिकटा फरशीवरून निघेना, मोरीला आंबूस वास मारायचा, म्हणून तिनं एकाच बादलीत ब्लीचिंग पावडर नि ॲसिड कालवायला सुरुवात केली. आणि वर दार लावून घासायची. डोळे चुरचुरायचे, खोकून खोकून जीव कासावीस व्हायचा. तिला वाटायचं, जेवढा दर्प उग्र तेवढी सफाई चोख. एवढी शहाणी बाई, पण इथं तिची अक्कल शेण खायला गेली होती! फरशी मात्र लखलखीत. तिची जिवाभावाची मैत्रीण भागुबाई, तिनं ह्या लखलखाटाचं गुपित विचारलं तेव्हा लीलाबाईनं तिच्या घरी जाऊन संडास-न्हाणी त्याच मिश्रणानं स्वतः घासून दाखवली.

संक्रांतीनंतर एकदा फोडणीतला लसूण जळून कोळसा झाला तरी लीलाबाईला पत्ता नाही. बाजाराचं निमित्त करून ती इंदापूरच्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, "पावडर आणि ॲसिड एकत्र केलं की विषारी वायू निघतो. त्यानं नाक आतून भाजलंय. वास परत येईलच असं सांगता येत नाही."

लीलाबाईनं बादली बंद केली आणि तोंडही. नाक गेल्याचं कळलं तर डेअरीत तिला विचारणार कोण? भागुबाईला सावध करावं असं रोज मनात यायचं. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. ती किटलीवर वाकायची आणि नजर माणसाच्या चेहऱ्यावर ठेवायची. ज्याच्या मनात खोट, तो चुळबुळ करतोच. तीन महिने असेच निभावले.

चैत्रात एका सकाळी भागुबाई किटली घेऊन आली. चेहरा निर्मळ, हसरा. लीलाबाईनं मान डोलावली. तासाभरानं, माणसं किटल्यांसाठी अजून थांबलेली असताना, टँकरवाल्यानं टाकीतलं थोडं दूध तापवून बघितलं, तर फाटलं. साऱ्या गावाचं दूध मोरीत ओतावं लागलं. मोहनराव एकेक रिकामी किटली हुंगत गेले आणि भागुबाईच्या किटलीपाशी थांबले.

"लीलाबाईंचं नाक चुकायचं न्हाय," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "वास घिऊन झाल्यावर तुमी वरनं शिळं दूध वतलंत, भागुबाई. उद्यापास्नं तुमचं दूध बंद!"

भागुबाईचा चेहरा पांढराफटक पडला. लीलाबाईला ते बघवेना.

"तिनं काय बी वतलं न्हाय," ती म्हणाली. "मलाच वास येत न्हाय. पावडर नि ॲसिड कालवून मीच नाक जाळून घेतलंय. तीन म्हयनं झालं."

आपलं काम गेलं हे लीलाबाईला तिथंच कळलं, तरी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

भागुबाई जवळ आली.

"तुला तीन म्हयन्यांपास्नं ठावं हुतं?" तिनं हळूच विचारलं. "मी कालपतुर तसंच कालवून घासतीय, लीला. दूध आंबलंय, ह्ये मला तरी कुठं कळलं?"